टेकडीवर रस्ता? डॉक्टर म्हणून माझा विरोध आहे

तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या चिठ्ठीवर मी ‘रोज चाला’ असं लिहितो. पण पुण्यात चालायचं कुठे? फुटपाथवर दुचाक्या, बऱ्याच बागांना दुपारी कुलूप. उरते वेताळ टेकडी. तिकीट नाही, झाडं आहेत आणि मुख्य म्हणजे चढ आहे. चढताना मांड्यांचे मोठे स्नायू रक्तातली साखर वापरतात. मधुमेहींना आठवड्याला किमान १५० मिनिटं व्यायाम हवा, तो इथे फुकट होतो. (गुडघे दुखत असतील तर उतरताना जपून!)

आणि बालभारती–पौड फाटा रस्त्याचा प्रस्ताव नेमका याच टेकडीच्या अंगावरून जातो. लॉ कॉलेज रस्त्यावरची कोंडी खरी आहे, मान्य. तरीही तुम्ही रस्त्याच्या बाजूचे असाल, तर एखाद्या सकाळी सहा वाजता वर या आणि साठीपुढचे किती जण चालताहेत ते मोजा.