राखीव जागेवरचा आमदार कुणाचा?

उत्तर प्रदेशात 2027 च्या विधानसभा निवडणुकीची चर्चा निघाली की आपल्या वस्त्यांत पहिला प्रश्न येतो, कोण जिंकणार? आम्हाला हा प्रश्नच अपुरा वाटतो.

403 पैकी 84 जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. उमेदवार आपला, पण त्याला निवडून देणारे बहुसंख्य मतदार दुसरेच. 24 सप्टेंबर 1932 च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले, तेव्हापासूनचे हे दुखणे. त्यात 1985 चा पक्षांतरबंदी कायदा. पक्षादेशाविरुद्ध मत दिले की आमदारकी धोक्यात. मग अत्याचाराच्या प्रश्नावर असा आमदार समाजाकडे पाहील की पक्षश्रेष्ठींकडे?

2007 मध्ये बसपाने 206 जागा जिंकून स्वबळावर सत्ता घेतली. 2022 मध्ये तोच पक्ष एका जागेवर आला. राखीव जागांवरचे आमदार मात्र नाहीसे झाले नाहीत. त्यांचे मालक बदलले.

म्हणून बंधूंनो, मत मागायला येणाऱ्याची जात पाहून भुलू नका. तो सभागृहात कुणाला उत्तर देणार, ते आधी विचारा. बाबासाहेबांनी मिळवून दिलेले मत विकायचे नसते आणि उसनेही द्यायचे नसते. जयभीम!