सौर बंबाला धोरणाची ऊब हवी

निफाड तालुका द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे, तसाच कडाक्याच्या थंडीसाठीही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात हिवाळ्यात पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या नोंदी आहेत. अशा रात्री बागायतदार द्राक्षबागांत शेकोट्या पेटवितात आणि पहाटे घरोघरी स्नानाच्या पाण्यासाठी वीज, गॅस किंवा सरपण खर्ची पडते. मात्र याच दिवसांत येथील आकाश बहुधा निरभ्र असते. दिवसा सूर्य जे फुकट देतो, ते पहाटे विकत घेण्यात कोणते शहाणपण?

हिशेब साधा आहे. शंभर लिटर पाणी पंधरा अंशांवरून साठ अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे सव्वापाच युनिट ऊर्जा लागते. छतावरील सौर पॅनेल सूर्यशक्तीच्या साधारण पाचव्या हिश्शाचीच वीज बनविते. सौर बंब मात्र जवळपास निम्मी शक्ती थेट पाण्यात उतरवितो आणि त्याच्या टाकीत ते पाणी पहाटेपर्यंत गरम राहते. शेजारच्या शिर्डीत साईसंस्थानाने २००९ मध्ये ७३ सौर तबकड्यांच्या वाफेवर प्रसाद शिजविण्याची व्यवस्था उभारून या शक्तीचा आवाका दाखवून दिला.

धोरणात मात्र उष्णता मागे राहिली. २०१० च्या राष्ट्रीय सौर अभियानात २०२२ पर्यंत दोन कोटी चौरस मीटर सौर उष्णता संग्राहकांचे उद्दिष्ट होते. सौर विजेचे लक्ष्य २०१५ मध्ये वीस हजारांवरून एक लाख मेगावॉटवर गेले. सौर बंबाचे अनुदान मात्र २०१४ मध्येच थांबले होते. २०२४ ची 'पीएम सूर्यघर' योजना स्वागतार्हच आहे. तथापि तिचे अनुदान विजेसाठी आहे, उष्णतेसाठी नाही. इस्रायलने १९८० मध्येच नव्या घरांना सौर बंब बंधनकारक केला, हे येथे आठवावे.

यात स्वदेशीचाही प्रश्न आहे. तांब्याच्या नळ्यांचे संग्राहक देशात तयार होतात. पण स्वस्त काचनळ्या मोठ्या प्रमाणावर चीनमधून आल्या. देशाला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक गॅसही आयातच होतो. उद्योगांना राजाश्रय हवा, हा विचार १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात मांडणारे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे निफाडचेच सुपुत्र होते. त्यांचा तो आग्रह या उद्योगालाही लागू पडतो.

अनुदानापेक्षाही अल्पव्याजी कर्ज, घरपट्टीत सवलत, नव्या वसतिगृहांना व रुग्णालयांना सक्ती आणि गुणवत्तेची कठोर तपासणी यांची गरज अधिक आहे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने नळ्या चोंदतात आणि दुरुस्तीला माणूस न मिळाल्यास बंब छतावर अडगळ होऊन पडतो. म्हणून गावातील तरुणांना हे कौशल्य शिकविणे अगत्याचे आहे. शासनाने धोरण आखावे. पण समाजानेही त्याची वाट पाहत बसू नये. संस्थांच्या वसतिगृहांपासून आणि मंदिरांच्या भक्तनिवासांपासून हा प्रारंभ होऊ शकतो. रथसप्तमीला सूर्याला अर्घ्य देणाऱ्या समाजाने त्याचे दान वाया जाऊ देऊ नये.