थोडंसंच गळतंय!

मंडळी, रत्नागिरीत पाण्याला काय तोटा? समोर समुद्र, आणि जूनपासून चार महिने वरून धो धो. एवढ्यानं भागेना म्हणून आम्ही हॉलमध्ये काचेची टाकी आणली आणि तीतही पाणी भरलं! चिरंजीवांचा हट्ट, आणि दुकानदाराचं आश्वासन, की मासे असले की घरात पैसा टिकतो. वीस वर्षं बँकेत लोकांचे पैसे मोजतोय. निदान मी तरी फसायला नको होतं.

मार्चात टाकीखाली ओल दिसली. ‘थोडंसंच गळतंय,’ मी म्हणालो आणि फडकं ठेवलं. मग बाहेरून काहीबाही थापलं. ते टिकणार कसं? पाण्याचा दाब आतून. बाहेरचं ठिगळ ते ढकलूनच देणार. टाकी रिकामी करून, जुनं सिलिकॉन खरवडून, काच कोरडी करून आतून नवं भरायचं, हा खरा उपाय. पण त्याला रविवार लागतो, आणि रविवार झोपेसाठी राखीव!

आठव्या दिवशी खालच्या काकू वर आल्या. भांडल्या नाहीत, तेच वाईट. म्हणाल्या, ‘अरे, देवघरावर थेंब पडतायत. पाऊस म्हणावा, तर मार्चात कुठला?’

ऑफिसातल्या शहाण्यांनी सल्ला दिला, ‘बांधकामच जुनं आहे म्हणायचं!’ माझं भांडण आहे ते या सल्ल्याशी. हिशेब बघा. तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे सव्वाशे लिटर, सव्वाशे किलो पाणी. वाळू आणि काच वेगळी. हे ओझं हौसेनं आणलं मी, झोपलो मी, आणि डाग काकूंच्या छताला? गळती आमच्या खात्यात, रक्कम मात्र काकूंच्या नावे! असं काउंटरवर केलं असतं तर नोकरी गेली असती.

म्हणून सांगतो, ओल दिसली की त्याच दिवशी टाकी रिकामी करा. आधी जवळचं वायरिंग बंद करा, मासे बादलीत घाला, आणि काकूंनी वर यायच्या आत तुम्ही खाली जा.

छत पुरतं वाळल्यावर रंग दिला, माझ्या खर्चानं. मासे पैसा टिकवतात म्हणणाऱ्यानं ती पावती जरूर बघावी.

आता मासे बघायला आम्ही झाडगावच्या मत्स्यालयात जातो. तिकडे गळलंच, तर समुद्र जवळ आहे, काकू नाहीत.