आधी वाचन, मग रोबो?

‘तिसरीतल्या पोराला धड वाचता येत नाही आणि यांना रोबो शिकवायचाय!’ अहिल्यानगर जिल्ह्यात शाळेचा विषय निघाला की हे हमखास ऐकू येतं. त्यामागची कळकळ खरी आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे.

रोबो शिकवणं म्हणजे मुळात प्रोग्रामिंग शिकवणं, आणि प्रोग्रामिंग म्हणजे नेमक्या सूचना क्रमाने देणं आणि काम फसलं तर चूक कुठे झाली ते शोधणं. त्याला पहिल्या दिवशी संगणक लागत नाही. वर्गाच्या फरशीवर खडूने चौकोन आखा. एक मूल यंत्र होईल, दुसरं चिठ्ठीवर लिहील: तीन घरं पुढे, उजवीकडे वळ, दोन घरं पुढे. यंत्र भिंतीला जाऊन थडकलं की सगळा वर्ग चिठ्ठीवर तुटून पडतो. कितवी ओळ चुकली? आधी वळायला हवं होतं का? यात वाचन आलं, लेखन आलं, मोजणी आली. शिवाय चूक ही बोलणी खाण्याची नव्हे, दुरुस्त करण्याची गोष्ट आहे हे मुलाला उमगतं. सेमूर पॅपर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांसाठी केलेल्या ‘लोगो’ भाषेत पुढे आलेलं कासवही अशाच सूचनांवर चालायचं.

शेतकऱ्याच्या पोराला याचा काय उपयोग, असंही विचारतात. राहुरी-नेवाशाकडच्या एखाद्या विहिरीवरची स्टार्टरची पेटी उघडून पाहा. आत ऑटो स्विच असतो. रात्री लाइट आली, तिन्ही फेज असले, तर थोडं थांबून मोटार चालू. फेज गेला तर बंद. घरचं पाणी ज्या ‘जर-तर’वर चालतं, ते या पोराला कळू नये?

विरोधकांचा एक राग मात्र मला पूर्ण मान्य आहे. कोडिंगच्या नावाने आईबापांना धास्ती घालून फी उकळणं हा अन्यायच. २०२० साली व्हाइटहॅट ज्युनियर या कोडिंग शिकवणाऱ्या कंपनीच्या काही जाहिराती जाहिरात मानक परिषदेच्या आक्षेपानंतर मागे घ्याव्या लागल्या, ते योग्यच झालं. पण बाजार लबाड म्हणून विद्या टाकून द्यायची नसते.

सरकारचंही मला पटत नाही. २०१६ पासूनच्या, शाळांमधल्या अटल टिंकरिंग लॅबला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, पण ती सहावी ते बारावीसाठी. २०२० चं शैक्षणिक धोरणही कोडिंगची सुरुवात सहावीपासूनच धरतं. मग वस्तीवरच्या चौथीपर्यंतच्या शाळेने काय करायचं? तिसरीपासून, मराठीतून, वर्गशिक्षकानेच, शाळेच्या वेळेत हे शिकवावं. ‘स्क्रॅच’ ही मुलांची संगणकभाषा आणि सेन्सर पुढच्या वर्गांत येतील. अहिल्यानगर जिल्हा परिषदेने शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेतली एक दुपार शिक्षकांच्या तयारीसाठी द्यावी. रोबो किटची निविदा नंतर निघाली तरी चालेल.