गरज कोणाची आणि सांगणार कोण?

परदेशस्थ बौद्ध बांधवांच्या मेळाव्यांतून समाजाचे ऋण फेडण्याची भाषा उत्साहाने बोलली जाते. आता तिला संगणकाची जोड मिळाली आहे. मेळघाटातील दुकानदारासाठी किंवा गडचिरोलीतील बचत गटासाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर इथे बसून तयार करायचे आणि तिकडे धाडून द्यायचे, की कर्तव्य संपले! हा नव्या वेषातील जुनाच उपकारभाव आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

केनियात २००५ साली थिका येथे सफारीकॉमने एम-पेसाची चाचणी सुरू केली, ती लघुकर्जाचे हप्ते मोबाइलवरून फेडता यावेत म्हणून. लोकांनी मात्र ती आपल्या गरजेकडे वळविली. कोणी आप्तांना पैसे पाठविले, कोणी व्यापारातील देणी भागविली, तर कोणी प्रवासात रोकड जवळ नको म्हणून एका ठिकाणी भरून दुसरीकडे काढली. योजकांनी हे डोळसपणे पाहिले आणि मार्च २००७ मध्ये सेवा सुरू केली ती घरी पैसे पाठविण्याची. कचेरीतल्या प्रश्नावलीतून हे उमगले असते काय?

आपली भाजीवाली सकाळी उचल घेऊन माल भरते, संध्याकाळी ती फेडते. घराचा आणि धंद्याचा पैसा एकाच पिशवीत. उधारी कधी ज्वारीने फिटते. फोन असलाच तर मुलाच्या हाती. आणि आमचे सॉफ्टवेअर तिला विचारते, मासिक नफा किती!

याहून गंभीर बाब म्हणजे आडनावाचा सक्तीचा रकाना. खेड्यात आडनावावरून जात कळते, आणि जात कळली की गिऱ्हाईक पाठ फिरविते. हा रकाना घालणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसेल. पण त्याने विचारपूस केली ती सरपंचाकडे आणि मोठ्या दुकानदाराकडे. वस्तीपर्यंत तो गेलाच नाही. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व अस्पृश्यांनीच केले पाहिजे, असा आग्रह धरला होता. त्यांचे अनुयायी म्हणविणाऱ्या अभियंत्यांनी तरी भाजीवालीच्या वतीने परस्पर उत्तरे लिहू नयेत.

यापुढे अशा कामाला निधी देण्यापूर्वी संस्थेने अर्जदाराला विचारावे: बाजाराच्या दिवशी किती वेळा त्या पालाशेजारी बसलात? तिची वही पाहिली काय? आणि गावात मुक्काम कोणाच्या घरी केलात?