प्रभात भांडणाने बुडाली नाही

पुण्यात प्रभात फिल्म कंपनीचा विषय निघाला की दहा मिनिटांत गाडी एकाच स्टेशनावर येऊन थांबते. मालक आपापसांत भांडले, 1942 साली व्ही. शांताराम बाहेर पडले आणि सहकुटुंब पाहावेत असे चित्रपट देणारी सोन्यासारखी कंपनी बुडाली. प्रभातच्या चाहत्यांची ही तक्रार तीन पिढ्या चालत आली आहे. तिच्यामागे प्रेम आहे, हळहळ आहे आणि दोन्ही खरी आहेत. तरीही ही तक्रार पुराव्यावर टिकत नाही. तिच्यामुळे शांतारामांवर किंवा मागे राहिलेल्या भागीदारांवर अन्याय होतोच. शिवाय प्रभात कशावर उभी होती, हा खरा प्रश्न नजरेआड होतो.

पहिली गोष्ट, प्रभात ही एका माणसाची कंपनी कधीच नव्हती. 1 जून 1929 रोजी कोल्हापुरात ती स्थापन झाली तेव्हा शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी असे पाच भागीदार होते. एकाकडे दिग्दर्शन, एकाकडे ध्वनी, एकाकडे कलादिग्दर्शन, एकाकडे कॅमेरा आणि एकाचे भांडवल, अशी ही वाटणी होती. 1933 मध्ये पुण्याला येताना कंपनीने हीच घडी सोबत आणली. ज्या चित्रपटाने प्रभातचे नाव व्हेनिसच्या महोत्सवात गाजवले आणि जो मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला, तो 1936 चा ‘संत तुकाराम’ दामले–फत्तेलाल यांचा आहे. 1940 चा ‘संत ज्ञानेश्वर’ही त्यांचाच. त्याच काळात त्याच छपराखाली शांताराम ‘कुंकू’, ‘माणूस’ आणि ‘शेजारी’ करत होते. म्हणून प्रभात ‘संतपटांच्या साच्यात अडकली’ हा तिच्यावर घेतला जाणारा दुसरा आक्षेपही फोल आहे. विठ्ठलाचा भक्त आणि जरठ नवऱ्याविरुद्ध उभी राहणारी ‘कुंकू’मधली नीरा, दोघांनाही एकाच व्यवस्थापनाने जागा दिली. मराठीत इतके धाडस एका वेळी दुसऱ्या कोणत्या कंपनीने केले? शांताराम गेल्यानंतरही 1942 चा ‘दहा वाजता’ आला, 1944 चा ‘रामशास्त्री’ आला. बुडालेली कंपनी ‘रामशास्त्री’ काढत नाही.

मग 1953 पर्यंत तिला टाळे का लागले? उत्तर त्या काळच्या स्टुडिओ पद्धतीत आहे. नट, गायक, लेखक, तंत्रज्ञ सगळे मासिक पगारावर आणि करारानुसार बाहेर काम करायला मज्जाव, हा प्रभातचा पाया होता. या पायाला तडा भागीदारांच्या भांडणाआधीच गेला होता. 1939 मध्ये शांता आपटे यांनी कराराच्या वादावरून प्रभातच्याच फाटकापाशी उपोषण केले. ‘कुंकू’ची नायिका दारात उपाशी बसते, ही गोष्ट तेव्हा गाजली, पण एका मानी अभिनेत्रीचा हट्ट एवढाच तिचा अर्थ लावला गेला. तो अर्थ तोकडा होता. पगारी कराराचा काळ सरत आल्याची ती पहिली खूण होती. पुढे युद्ध आले. कच्च्या फिल्मवर नियंत्रण आले, चित्रपटाच्या लांबीवर 11,000 फुटांची मर्यादा आली. दुसरीकडे युद्धाच्या नफ्यातला बेहिशेबी पैसा मुंबईत चित्रपटांकडे वळला. स्टुडिओ नाही, पगारी माणसे नाहीत, फक्त एका चित्रपटापुरता पैसा हातात आहे, असे निर्माते उभे राहिले आणि नटाला मोठ्या रकमा देऊ लागले. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने 1951 च्या अहवालात याच दुखण्यावर बोट ठेवले. बॉम्बे टॉकीज आणि कलकत्त्याचे न्यू थिएटर्स या दोन्ही बलाढ्य कंपन्या प्रभातच्या मागोमागच थंडावल्या. वाडिया मूव्हीटोन तर सख्ख्या भावांची. तीही 1942 च्या सुमारास फुटली. सगळ्यांची भांडणे वेगवेगळी होती, शेवट मात्र दीड दशकाच्या आत झाला. मग भांडणाला मूळ कारण कसे म्हणायचे?

यावर जाणकार चाहता दोन उदाहरणे पुढे करतो आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिले बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर तिथून निघाले आणि ती कंपनी फार काळ टिकली नाही. म्हणजे माणसे गेली की कंपनी जाते. खरे आहे, पण तिथून दिग्दर्शन, कॅमेरा आणि नेपथ्य सांभाळणारी अख्खी फळी एकदम उठली होती. 1942 मध्ये प्रभातमधून शांताराम आणि काही सहकारी गेले; दामले–फत्तेलाल जागेवर होते. दुसरे उदाहरण राजकमलचे. शांतारामांनी काढलेली ती संस्था पुढे ‘दो आँखें बारह हाथ’पर्यंत पोहोचली, म्हणजे जादू त्यांचीच, असे म्हटले जाते. त्यांची प्रतिभा कोण नाकारील? पण राजकमल मुंबईत, परळला होती. वितरक, सावकार आणि नट दाराशी होते आणि मालकी एका हातात होती. बदललेल्या बाजारात तग धरायला हे सगळे लागते. पुण्यात राहून अनेक भागीदारांच्या संमतीने चालणाऱ्या घराला ते जमणे कठीणच होते, मग शांताराम आत असोत वा बाहेर.

याचा अर्थ व्यवस्थापन निर्दोष होते असा नाही. दोष आहे आणि तो मला भांडणापेक्षा मोठा वाटतो. प्रभातने माणसे हेरली, घडवली, पण त्यांना थांबण्याजोगा अधिकार दिला नाही. ‘रामशास्त्री’ राजा नेने यांनी सुरू केला, मग तो विश्राम बेडेकरांकडे गेला आणि गजानन जागीरदारांनी पुरा केला. एका चित्रपटाला तीन दिग्दर्शक लागतात तेव्हा दुसऱ्या फळीचे काय चालले आहे हे उघड होते. 1945 मध्ये दामले गेले आणि कंपनीचा शांत खांब निखळला. 1946 च्या ‘हम एक हैं’मधून देव आनंद पडद्यावर आला, गुरुदत्तही तेव्हा प्रभातमध्येच नोकरीला होता. पाच वर्षांत या दोघांचा ‘बाझी’ मुंबईत झाला. तक्रार करायचीच तर ही करावी.

आता शेवटची हळहळ, स्टुडिओ विकला गेला याची. ही तर मला मुळीच पटत नाही. ती जागा सरकारकडे गेली आणि 1960 मध्ये तिथे फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. ऋत्विक घटक तिथे शिकवत होते. अदूर गोपालकृष्णन, मणि कौल, जया भादुरी, नसीरुद्दीन शाह तिथे शिकले. कोणत्याही पुतळ्याने दामले–फत्तेलाल यांचा असा मान राखला नसता. दुःख करायचे तर जानेवारी 2003 चे करावे. त्या आवारातल्या आगीत नायट्रेट फिल्मची हजारो रिळे जळाली. भागीदारांच्या भांडणाने प्रभातचा एकही चित्रपट आपल्यापासून हिरावला नव्हता. साठवणुकीतल्या हयगयीने जुन्या चित्रपटांच्या मूळ प्रती कायमच्या नेल्या. तेव्हा प्रभातवर जीव असलेल्या पुणेकरांनी ऐंशी वर्षांपूर्वीच्या फुटीचा निवाडा आता थांबवावा. उरलेल्या प्रतींची डागडुजी कुठवर आली आणि ‘माणूस’, ‘शेजारी’ मोठ्या पडद्यावर कधी दाखवणार, हे चित्रपट संग्रहालयाला पत्र लिहून, सभेत उभे राहून, पुन्हा पुन्हा विचारावे.