बियाण्याला कुलूप नको, मग पुस्तकाला का?

परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने भेंडीचा ‘परभणी क्रांती’ आणि रब्बी ज्वारीचा ‘परभणी मोती’ हे वाण शेतकऱ्यांच्या हाती दिले, तेव्हा बियाण्यासोबत कुलूप दिले नव्हते. हे वाण सरळ आहेत, संकरित नव्हेत. जिंतूरच्या वा पालमच्या शेतकऱ्याने एकदा ज्वारीचे बी घेतले आणि निवडक कणसे राखली, की पुढील हंगामाचे बियाणे घरातच तयार होते. शेजाऱ्याने मागितले तर पायलीभर त्यालाही देता येते. अर्थशास्त्राच्या भाषेत ही नक्कलच होय. पण या नकलेने विद्यापीठाचे दिवाळे निघाले नाही, कारण संशोधनाचा खर्च समाजाने कररूपाने आधीच भागविला होता. नक्कल जितकी पसरली तितका त्या खर्चाचा मोबदला समाजाला अधिक मिळाला.

ही नक्कल मक्तेदारी भांडवलाच्या डोळ्यांत नेहमीच सलत आली आहे. १९९८ च्या मार्चमध्ये डेल्टा अँड पाइन लँड ही अमेरिकन कंपनी आणि तेथील कृषी खाते यांनी पिकाचे बी पुन्हा उगवूच नये अशा तंत्राचे पेटंट मिळविले. ‘टर्मिनेटर’ या नावाने ते कुप्रसिद्ध झाले. त्याविरुद्ध भारतात संतापाची लाट उसळली. २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने असे तंत्र असलेल्या वाणाला नोंदणीच नाकारली. शिवाय कलम ३९ अन्वये बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि कंपनीचा छाप न वापरता विकण्याचाही शेतकऱ्याचा हक्क मान्य केला. पैदासकाराला मोबदला मिळावा, पण त्यासाठी बियाण्याच्या पोटात कुलूप घालू देणार नाही, असा तो निःसंदिग्ध निर्णय होता.

याच संसदेने अवघ्या ११ वर्षांनी पुस्तक, गाणे आणि चित्रपट यांच्याबाबत नेमकी उलटी वाट धरली. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५-अ आले. हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी त्यात तरतूद आहे. ज्या आंतरराष्ट्रीय करारांतून (१९९६) ही कल्पना आली, त्यांत भारत सामील झाला तो २०१८ मध्ये. म्हणजे कराराचे बंधन नसतानाच आपण परक्याची बेडी स्वखुशीने पायांत घालून घेतली.

या कुलपाचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. विकत घेतलेले पुस्तक वा गाणे सांकेतिक रूपात बंद असते आणि त्याची किल्ली कंपनीच्या ताब्यात असते. कोणत्या यंत्रावर, किती दिवस, किती वेळा ते उघडावे, हे ग्राहक नव्हे तर कंपनी ठरविते. ग्राहकाला वाटते आपण वस्तू घेतली; वास्तविक त्याने परवानगी भाड्याने घेतलेली असते. २००९ च्या जुलैमध्ये अॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची पुस्तके ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुस्तकविक्री बंद करताच विकलेली पुस्तकेही उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले हे खरे. पण दुकान बंद झाले म्हणून दुकानदार घरात शिरून कपाटातील पुस्तके घेऊन गेला, असे छापील पुस्तकाबाबत कधी घडले आहे काय?

आमचा कायदा अमेरिकेतील १९९८ च्या कायद्याइतका कठोर नाही, असा बचाव केला जातो. तो खरा आहे. हक्कभंगाचा हेतू नसेल तर आपल्याकडे कुलूप उघडणे गुन्हा ठरत नाही. परंतु जो वाचक ते स्वतः उघडू शकत नाही, त्याला किल्ली देण्याचे बंधन कंपनीवर कोठे आहे? कुठेच नाही. उलट दुसऱ्यास मदत करणाऱ्याने त्याचे नाव, पत्ता आणि प्रयोजन यांची नोंद ठेवावी, असा दंडक आहे. म्हणजे हक्क कागदावर, किल्ली कंपनीच्या खिशात आणि चौकशी मदत करणाऱ्याची!

साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांची मुदत संपल्याने १ जानेवारी २०११ पासून त्यांचे साहित्य सर्व जनतेच्या मालकीचे झाले. मात्र उद्या कोणी ‘श्यामची आई’ कुलूपबंद करून विकली, तर त्या कुलपाला साल कळत नाही. कायद्याने संपलेली मक्तेदारी यंत्राने पुढे चालू राहते.

‘लेखक-कलावंतांनी जगायचे कसे?’ हा प्रश्न गंभीर आहे आणि समाजवाद्यांनी तो टाळता कामा नये. पण लेखकाची भाकर कुलपातून येत नाही. २०१२ च्याच दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या कवी-संगीतकारांचा मानधनातील वाटा निर्मात्याला गिळता येणार नाही अशी तरतूद केली. कलावंताला खरा आधार तिचा आहे. डेन्मार्कने १९४६ मध्येच ग्रंथालयातील पुस्तकांबद्दल लेखकाला सरकारी मोबदला सुरू केला. जर्मनीने १९६५ मध्ये ध्वनिमुद्रण यंत्रांवर आकार बसवून त्यातून कलावंतांना वाटा दिला. उलट कुलूप प्रामाणिक ग्राहकालाच जाचते. चोरून मिळणाऱ्या प्रतीला ते नसतेच. हे ओळखून अॅपलने २००९ मध्ये विकाऊ गाण्यांवरील कुलपे काढली. तरी संगीताचा धंदा बुडाला नाही.

त्याच २००९ साली महाराष्ट्राने काय केले? १९८१ च्या स्थानबद्धता कायद्यात झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले यांच्या रांगेत ‘व्हिडिओ पायरेट’ बसविला. रस्त्यावर नकली सीडी विकणाऱ्यास खटल्याविना १२ महिने डांबण्याची सोय झाली. आणीबाणीत मिसाखाली तुरुंगात गेलेल्यांच्या पक्षाला या तरतुदीची चीड आली पाहिजे.

सेलू, मानवत, गंगाखेडच्या ग्रंथालयात एक छापील पुस्तक शेकडो हातांत फिरते, आणि त्यासाठी प्रकाशकाची अनुमती लागत नाही. डिजिटल पुस्तकाला मात्र तसे फिरू दिले जात नाही. गरीब विद्यार्थ्याचे वाचन उद्या पडद्यावर जाणार असेल, तर हा प्रश्न चैनीचा नसून शिक्षणाचा आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. कायद्याने मान्य केलेल्या वापरासाठी किल्ली देणे विक्रेत्यावर बंधनकारक करावे. मुदत संपलेल्या साहित्यावर कुलूप लावणे दंडनीय ठरवावे. सार्वजनिक ग्रंथालयांना डिजिटल प्रत फिरविण्याचा हक्क आणि लेखकाला त्याचा मोबदला सरकारने द्यावा. जनतेच्या पैशातून निर्माण झालेले कोणतेही ज्ञान कुलूपबंद असू नये. आणि नक्कल विकणाऱ्यावर रीतसर खटला चालवावा; स्थानबद्धतेचे कलम रद्द करावे.

शेतकऱ्याने बियाण्यातील कुलूप नाकारले, कारण उपाशी कोण मरेल हे त्याला दिसत होते. ज्ञानाची उपासमार डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच ती दाखवून देणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.